बेशुद्ध रुग्णाला ऐकू येतं का?

“डॉक्टर, बाबांना आमचं ऐकू येतंय का?” आयसीयूबाहेर हा प्रश्न हमखास येतो. त्याचा इतिहास जाणून घेऊया.

१९७२ मध्ये जेनेट आणि प्लम या डॉक्टरांनी मेंदूला गंभीर इजा झालेल्या काही रुग्णांचं वर्णन केलं : डोळे उघडतात, झोप-जाग चालू असते, पण भान असल्याची खूण दिसत नाही. पुढच्याच वर्षी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षं त्या अंथरुणावर होत्या. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका मात्र सांगत, “ती प्रतिसाद देते.”

कोणाचं खरं? १९९५ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी नेमकी अडचण मांडली. मेंदू आवाज कसा ओळखतो, हे शोधणं तुलनेने सोपं. पण आतून ‘जाणवतं’ का, हा अवघड प्रश्न. आम्ही डॉक्टर टॉर्च मारतो, चिमटा काढतो. तपासतो तो फक्त प्रतिसाद.

२००६ मध्ये एड्रियन ओवेन यांनी अशाच अवस्थेतील एका तरुणीला टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितलं. शरीर हललं नाही. पण स्कॅनमध्ये तिच्या मेंदूचा प्रतिसाद निरोगी माणसासारखाच दिसला.

प्रत्येक रुग्णाचं असं नसतं. खोटी आशा धरू नये. तरीही बाबांचा हात धरून बोला. आणि “यांना काही कळत नाही” हे त्यांच्या उशाशी म्हणू नका.