पिठाचा कोंबडा, मातीची गाडी आणि बाळाचा वाढदिवस



भिशीत, पाठशाळेत, शेजारी कुणाच्या ना कुणाच्या बाळाचा पहिला-दुसरा वाढदिवस असतोच. मग प्रश्न ठरलेला: खेळणं न्यायचं, पण कोणतं? हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो, पण आपल्या ग्रंथांत तो वेगवेगळ्या रूपांत हजार-दीड हजार वर्षांपासून आहे. माझं माहेर सातारचं श्वेतांबर आणि सासर सांगलीचं दिगंबर, त्यामुळे दोन्हीकडच्या कथा कानावर पडल्या. त्यातल्याच काही आज सांगते.

ज्ञाताधर्मकथांगात श्रेणिक राजा आणि धारिणी राणीचा मुलगा मेघकुमार याच्या बालपणाचं वर्णन आहे. त्याला सांभाळायला पाच धात्री, म्हणजे पाच दाया होत्या. एक दूध पाजणारी, एक न्हाऊ घालणारी, एक नटवणारी, एक मांडीवर घेणारी, आणि एक फक्त खेळवणारी. तिचं नावच क्रीडनधात्री. दूध आणि आंघोळ यांच्या बरोबरीनं खेळाला वेगळं माणूस नेमलेलं! दिगंबर परंपरेत आचार्य जिनसेनांचं आदिपुराण नवव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातलं. त्यात बाळ ऋषभदेवांना रमवण्यासाठी देवकुमार कधी पोपट होतात, कधी मोर, कधी हंस. म्हणजे त्यागाचा मार्ग सांगणाऱ्या आपल्या आचार्यांनी बाळाच्या खेळाला कधी कमी लेखलं नाही. 'आपल्यात खेळण्यांचे लाड नसतात' असं कुणी म्हणालं, तर हे जरूर सांगा.

आता आपल्या भागात मुलं खेळत कशाशी होती? पाळण्यावर कापडी चिमण्या, हातात खुळखुळा, उभं राहायला लागलं की सुतारानं करून दिलेला तीन चाकांचा पांगुळगाडा. आणि वर्षातून एकदा कुंभाराकडचे मातीचे बैल. कृष्णाकाठच्या आपल्या जैन शेतकरी घरांत बेंदूर घरचाच सण. कुणाकडे ज्येष्ठ पौर्णिमेचा कर्नाटकी, कुणाकडे आषाढातला महाराष्ट्रीय. मातीच्या बैलांना हळद-कुंकू वाहायचं, नैवेद्य दाखवायचा, आणि पूजा उरकली की ते बैल मुलांचे. ज्याला आत्ताच हात जोडले, त्याच्याशी मूल खेळायला बसतं. अशा खेळण्याला कसं वागवायचं हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

खेळणं निवडताना आपल्या परंपरेतून मला तीन प्रश्न सापडतात. पहिला, ते कशाचं केलंय?

श्रावकानं टाळायच्या पंधरा व्यवसायांना कर्मादान म्हणतात. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या कथेत ती यादी येते. तिच्यात दंतवाणिज्य आहे, म्हणजे हस्तिदंताचा व्यापार, आणि लाक्षावाणिज्यही आहे, म्हणजे लाखेचा व्यापार. लाख झाडावरच्या बारीक किड्यांपासून मिळते आणि ती काढताना असंख्य किडे मरतात. आज प्लॅस्टिक नको म्हणून आपण मोठ्या हौसेनं लाकडी खेळणी घेतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी सुंदरच असतात, पण त्यांचा तो चकचकीत मुलामा लाखेचा असतो. नियम व्यापाराचा आहे, त्यामुळे कुणी घेतली तर तिला बोल लावू नये. पण 'नैसर्गिक' म्हणजे आपोआप अहिंसक, असं मात्र नाही. घेताना विचारावं. साधं घासलेलं, मुलामा न दिलेलं लाकूड मिळतं. सुती कापडाची बाहुली तर घरी शिवता येते. लोकर, कातडं, पिसं लावलेलं खेळणं मी तरी आणत नाही.

दुसरा प्रश्न, त्या खेळण्याशी काय करायचं आहे? इथे राजा यशोधराची कथा येते. ती सोमदेवसूरींनी 959 साली यशस्तिलकात सांगितली आणि कन्नड कवी जन्नानं 1209 मध्ये यशोधरचरिते लिहिलं. आईनं, चंद्रमतीनं, राजाला देवीपुढे बळी द्यायचा आग्रह धरला. जिवंत प्राणी मारायला तो तयार होईना. तेव्हा ती म्हणाली, पिठाचा कोंबडा करू आणि तो काप. त्यानं कापला. त्यात जीव नव्हता, पण मारतोय हा संकल्प होता. तेवढ्यासाठी आई आणि मुलगा दोघांनाही मोर, कुत्रा असे पशूंचे जन्म घेत फिरावं लागलं, आणि शेवटी ते स्वतःच कोंबडे होऊन जन्मले.

आपल्या घरांत प्राण्यांच्या आकाराची मिठाई खात नाहीत, त्यामागे हीच समज आहे. मग वाढदिवसाला सशाच्या आकाराचा केक, तोही अंडं नसलेला, आणून बाळाच्या हातात सुरी द्यायची, यात आपण काय जपलं? बंदूक, तलवार आणि दाबलं की किंचाळणारी जनावरं यांचंही तेच.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दीड वर्षाचं मूल लाकडी हत्ती जमिनीवर आपटतं, ते आवाज ऐकायला. त्याच्या मनात मारण्याचा संकल्प नसतो, म्हणून त्याला 'पाप लागेल' असं घाबरवू नये. संकल्प असतो तो मोठ्यांचा. यशोधराच्या कथेतही पिठाचा कोंबडा सुचवणारी आईच होती. बाळाला कळत नाही म्हणूनच निवड आपल्यावर येते.

तिसरा प्रश्न किमतीचा. आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरला 1855 मध्ये जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचं मृच्छकटिक मराठी रंगभूमीवर आणलं. या नाटकाचं नावच एका खेळण्यावरून आहे, मातीची गाडी. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आलेला. दासीनं त्याला मातीची गाडी करून दिली तर तो रडतो, सोन्याचीच हवी म्हणतो. वसंतसेनेला दया येते आणि ती अंगावरचे दागिने त्या गाडीत भरते. पुढे तेच दागिने भर न्यायसभेत मैत्रेयाच्या काखेतून खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. मुलाचं रडू थांबवायला दिलेली वस्तू बापाला सुळापर्यंत नेते.

आपल्या सोसायट्यांत रोहसेन घरोघरी आहेत. बॅटरीवर चालणारी बसायची मोटार एका घरी आली की आठवड्याभरात चार घरांत रडारड. परिग्रह परिमाण व्रत आपण स्वतःसाठी घेतो, पण बाळाच्या कपाटाला ते लागू करत नाही. ऐपत असली तरी दुसऱ्या आईची पंचाईत होईल असं खेळणं वाढदिवसाला नेऊ नये, असं मला वाटतं.

आता थोडं बाजाराचं. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या वस्तूंना सूट आहे, म्हणून जत्रेतलं खेळणं आपणच ओढून, घासून पाहावं. तीन वर्षांखालच्या बाळासाठी नियमातलं माप असं: 31.7 मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळकांड्यात पूर्ण मावणारा भाग घशात अडकू शकतो. बटणासारखे सेल आणि लोहचुंबक तर नकोतच. मातीचे बैल या वयात आपल्या देखरेखीखालीच, कारण शिंग मोडून तोंडात जातं.

एक वर्षाच्या बाळाला डब्यात टाकायचे-काढायचे मोठे लाकडी ठोकळे किंवा कापडी चेंडू द्या. दीड-दोन वर्षांच्याला दोरीनं ओढायची गाडी. तीन वर्षं पुरी झाली की भातुकली. आणि चार जणी मिळून एकच चांगलं खेळणं नेलंत, तर फारच छान. उरलेल्या पैशांत पांजरपोळात चारा जाईल, आणि बाळाला तिथे घेऊन गेलात तर खरीखुरी गायही दिसेल.