ख्रिश्चन म्हणजे नेमकं कोण? नावापासून जातीच्या दाखल्यापर्यंत, समजून घ्या

आडनाव डिसोजा दिसलं की आपण लगेच ठरवतो, हा ख्रिश्चन. पण अहिल्यानगर किंवा जालन्याच्या चर्चमध्ये रविवारी गेलात, तर तिथे गायकवाड, साळवे आणि जाधवही भेटतील. मग माणूस ख्रिश्चन ठरतो तो कशावरून? आडनावावरून, जन्मावरून, की श्रद्धेवरून?

हा शब्द आला कुठून?

हिब्रू भाषेत 'मशीहा' म्हणजे अभिषेक झालेला. त्याचं ग्रीक रूप 'ख्रिस्तोस'. म्हणजे ख्रिस्त हे येशूचं आडनाव नाही, ती पदवी आहे. त्या ख्रिस्ताचे अनुयायी ते ख्रिस्ती.

बायबलच्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकानुसार, येशूच्या शिष्यांना हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात मिळालं. हे शहर आजच्या तुर्कस्तानात आहे. शिष्य एकमेकांना भाऊ, शिष्य किंवा 'या मार्गाचे लोक' म्हणत. त्यामुळे ख्रिस्ती हे नाव बाहेरच्यांनी दिलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. संपूर्ण नव्या करारात हा शब्द फक्त तीनदा येतो.

नाव सांगणं हाच गुन्हा

सुरुवातीला हे नाव घेणं जिवावर बेतायचं. इ.स. 112 च्या आसपास रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहिलं. पकडून आणलेल्यांना तो विचारायचा, तू ख्रिस्ती आहेस का? तीनदा विचारूनही उत्तर 'हो' आलं, तर शिक्षा मृत्यूची. जो नाकारेल आणि रोमन देवांची पूजा करेल, त्याला सोडून दिलं जायचं. त्या काळात ख्रिस्ती म्हणवून घेणं म्हणजे उघडपणे बाजू घेणं होतं.

आज चर्च कोणाला ख्रिस्ती मानतं?

बहुतेक पंथांमध्ये बाप्तिस्मा हा प्रवेशाचा विधी आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बरेच प्रोटेस्टंट पंथ तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्टांसारख्या पंथांचं म्हणणं वेगळं आहे. माणसाने समजत्या वयात स्वतः विश्वास कबूल करावा आणि मगच बाप्तिस्मा घ्यावा, असं ते मानतात. म्हणजे ख्रिस्ती घरात जन्मलेलं मूल आपोआप ख्रिस्ती होतं का, यावर खुद्द ख्रिस्ती लोकांचंही एकमत नाही.

ख्रिस्ती झालं की मराठीपण जातं?

नाही. वसईतल्या आडनावांवर पोर्तुगीज छाप आहे, पण घरात सामवेदी, वाडवळी अशा बोली बोलल्या जातात. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठीतलं 'ख्रिस्तपुराण' 1616 सालचं आहे. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांनी आडनाव बदललं नाही आणि पुढे अभंगांतून ख्रिस्त मांडला. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

कायदा काय म्हणतो?

1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात व्याख्या साधी आहे: ख्रिस्ती धर्म मानणारी व्यक्ती म्हणजे ख्रिस्ती. 2011 च्या जनगणनेनुसार देशात असे सुमारे 2.78 कोटी लोक आहेत, म्हणजे 2.3 टक्के. महाराष्ट्रात त्यांची संख्या 10 लाखांच्या थोडी वर आहे.

खरा पेच आहे आरक्षणाचा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडलेला आहे. 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा त्यात पूर्ण समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लीम मात्र बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे पुद्दुचेरीतल्या एका महिलेचं प्रकरण आलं. तिचा बाप्तिस्मा झालेला होता आणि ती नियमित चर्चला जात होती. नोकरीसाठी तिने आपण हिंदू असल्याचं सांगून अनुसूचित जातीचा दाखला मागितला. न्यायालयाने तो नाकारला. फक्त आरक्षणासाठी, श्रद्धा नसताना धर्म सांगणं मान्य करता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

दलित ख्रिस्ती संघटनांचा सवाल वेगळाच आहे: धर्म बदलला म्हणून गावाने जात विसरली का? अनेक ठिकाणी दलित ख्रिश्चनांची दफनभूमीसुद्धा वेगळी राहिली आहे. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्राने 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

थोडक्यात काय?

चर्चसाठी ख्रिस्ती म्हणजे बाप्तिस्मा आणि विश्वास. विवाह कायद्यासाठी, तो धर्म मानणारी व्यक्ती. आणि दाखल्याच्या रांगेत उभ्या असलेल्या दलित ख्रिश्चनासाठी ते असं उत्तर आहे, जे खरं दिलं तर आरक्षण हातचं जातं. म्हणून पुढच्या वेळी नुसत्या आडनावावरून अंदाज बांधण्याआधी जरा थांबा.