केकवरची चेरी आणि खांबच्या डोंगरातलं करवंद

मुंबई-गोवा हायवेवर नागोठणं सोडलं, सुकेळी खिंड उतरली, की कोलाडच्या आधी खांब लागतं. रोहा तालुक्यातलं गाव. आजची गोष्ट चेरीची आहे. ती खांबला बसून का सांगतोय, ते कळेलच.

खरी चेरी थंड मुलखातली. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की सेनापती लुकुल्लसनं मिथ्रिदातीस राजावर विजय मिळवेपर्यंत, म्हणजे इ.स.पू. ७४ च्या सुमारापर्यंत, इटलीत चेरी नव्हतीच. लुकुल्लसनं ती काळ्या समुद्राकडून आणली. (रानटी चेरी युरोपात त्याच्या कितीतरी आधीपासून होती, त्यामुळे प्लिनीबुवांचं सगळंच खरं मानू नका.)

आपल्याकडची नोंद मला जास्त आवडते. अकबरानं १५८६ मध्ये काश्मीर घेतलं. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो, की त्याआधी तिथे चेरी नव्हती. मुहम्मद कुली अफशारनं ती काबूलहून आणली आणि कलमं बांधून वाढवली. जहांगीर तिला 'शाह-आलू' म्हणतो.

मग ती कोकणात का नाही उतरली? हे झाड हिवाळ्यात पानं गाळून झोपतं. साधारण ७ अंशांखालच्या थंडीचे ८०० ते १२०० तास मिळाले, तरच नीट फुलतं. खांबला जानेवारीत पहाटे गोधडी लागते, पण तेवढ्यावर चेरीचं भागत नाही. त्यात पिकत्या फळावर पाऊस पडला की साल तडकते. आणि आपला पाऊस तर तुम्हाला माहितीये!

हां, रस्त्याकडेला 'सिंगापूर चेरी' दिसते. ती चेरी नाही आणि सिंगापूरचीही नाही. अमेरिकेच्या उष्ण भागातलं झाड आहे ते.

मग केकवर काय असतं? बऱ्याचदा करवंद! बागेतलं, मोठ्या फळाचं, पांढरट-गुलाबी. बिया काढतात, मिठाच्या नि गंधकाच्या पाण्यात ठेवून मूळ रंग घालवतात, खायचा लाल रंग चढवतात आणि रोज थोड्या घट्ट केलेल्या साखरेच्या पाकात मुरवतात. शेवटी चव उरते ती साखरेची.

त्याचं काळं भावंड आपल्या डोंगरात आहे. मे महिन्यात पिकतं. फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी. हा खेळ माहीत नसेल तर एपिसोड पॉज करा नि आजीला विचारा. कातकरी, ठाकर बाया भर उन्हात काटेरी जाळीत हात घालून ही फळं काढतात. बोटांना चीक चिकटतो. मग पानाच्या द्रोणात भरून हायवेच्या कडेला बसायचं. पिकलेलं करवंद फार टिकत नाही आणि पहिला पाऊस आला की हंगाम संपला.

२०११ पासून पनवेल-इंदापूर रस्ता रुंद होतोय. चांगलंच आहे, खड्ड्यांनी आपण सगळेच वैतागलोय. पण सुसाट निघालेली गाडी टोपलीपाशी थांबत नाही. थांबलीच तर आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. केकवरच्या लाल गोळीचा भाव मात्र कुणी विचारलाय?

मे महिन्यात इकडून जाणार असाल तर खिशात सुटे ठेवा. टोपलीवर क्यूआर कोड असेलच असं नाही.