जोडे, लुगडे आणि पागोटे

कामगार चळवळीत आमची तीस वर्षे गेली. या काळात एक गोष्ट आम्ही वारंवार पाहिली. कारखान्याच्या दारावरील सभेत जो गडी हजार माणसांना हलवून सोडतो, तोच व्यवस्थापकाच्या खोलीत वाटाघाटीला बसला की खुर्चीच्या कडेवर टेकतो आणि त्याचा हात सारखा कॉलरकडे जातो. कॉलरवर तेलाचा डाग असतो. समोरच्याच्या कॉलरवर तो नसतो. आरंभी आम्ही याला भित्रेपणा समजत होतो. शाळा आमची आठवीतच सुटलेली. पुढे वाचनाचा नाद लागला, तेव्हा कळले की या डागामागे फार जुना इतिहास आहे. (आम्हीही आज इस्त्रीचा सदरा घालूनच येथे उभे आहोत, हे श्रोत्यांच्या नजरेतून सुटले नसेलच.)

प्रथम जोड्यांची गोष्ट घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, लॉर्ड डलहौसी गव्हर्नर-जनरल असताना, सरकारी कचेरीत शिरताना हिंदी माणसाने जोडे बाहेर काढून ठेवावेत, हा दंडक कडक झाला. आपणही घरात, देवळात जोडे काढतोच, मग यात वावगे काय, असे कोणी विचारील. साहेबाचेही म्हणणे तेच होते. पण युरोपीय पोशाख करणाऱ्यास सूट होती, आणि साहेब स्वतः बूट घालूनच बसे. रीत एकाने पाळावयाची आणि मान दुसऱ्याने घ्यावयाचा, असा हा प्रकार. १८६२ साली सुरतेच्या फौजदारी अदालतीतील असेसर माणेकजी कावसजी एंटी यांनी जोडे काढण्याचे साफ नाकारले. त्यांना आत प्रवेश मिळाला नाही. त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराकडे निषेधाचे पत्र धाडले. पायांतल्या जोड्याने माणूस किती ताठ उभा राहतो, हे त्या न्यायाधीशास पुरते ठाऊक असले पाहिजे. नाहीतर एवढा हट्ट त्याने कशाला धरला असता?

परक्या राज्यकर्त्याचे सोडा. आपल्या गावगाड्याने हीच विद्या त्याच्या कितीतरी आधी, आणि अधिक बारकाईने, हस्तगत केली होती. कोणी कोणते कापड नेसावे, किती खाली नेसावे, कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे जातीवरून ठरलेले असे. दुरून येणारी बाई कोण, हे तोंड दिसण्याआधी लुगड्यावरून समजावे, अशी ती व्यवस्था.

म्हणून १९२७ सालच्या डिसेंबरातील महाडची परिषद आम्हांस दोन कारणांनी महत्त्वाची वाटते. २५ डिसेंबरास तेथे मनुस्मृती जाळली गेली, हे सर्वांस माहीत आहे. परंतु त्याच मुक्कामात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांच्या सभेत जे बोलले, त्याचा उल्लेख पुष्कळदा ओझरता होतो. त्यांनी तेथे मोठे तत्त्वज्ञान सांगितले नाही. लुगडे कसे नेसावे, हे सांगितले. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची पद्धत, गळ्यातल्या गळसऱ्या, हातांतली हलक्या धातूंची जड कांकणे ही सारी तुमच्या अस्पृश्यतेची ओळखपत्रे आहेत, ती टाका. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, असा त्या बोलण्याचा आशय होता. बायकांनी ते लगोलग मनावर घेतले. कोणी गळसरी उतरवली, कोणी लुगडे पायघोळ नेसून पाहिले. कायद्याचे एक कलम बदलले नव्हते, चवदार तळ्याचा दावा कोर्टात तसाच होता. पण त्या बायका सभेला आल्या तशा परत गेल्या नाहीत.

कापडाने असे काय होते, अशी शंका असणाऱ्यांनी लगेच पुढच्या महिन्यात छापून आलेली हकिगत पाहावी. १९२८ च्या जानेवारीतील बातमीप्रमाणे इंदूरकडील काही गावांत सवर्णांनी बलाई जातीला नियम घालून दिले होते. बलायांनी जरीकाठी पगडी बांधू नये, रंगीत किनारीचे धोतर नेसू नये, त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. नियम मानले नाहीत तेव्हा विहिरी बंद झाल्या, गुरांची चराई बंद झाली, कित्येक कुटुंबांना गाव सोडावे लागले. बोटभर किनारीसाठी! आंबेडकरांनी आपल्या १९३६ सालच्या जातिनिर्मूलनाच्या पुस्तकात हा प्रकार नोंदवून ठेवला आहे.

आता कोणी म्हणेल, महात्मा फुल्यांचे काय? १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले, डोईस पागोटे आणि खांद्यावर घोंगडी. आणि या जरीच्या कपड्यांतली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असे त्यांनी राजपुत्रास ऐकविले. गांधीजींनी १९२१ साली मदुरेत पंचा स्वीकारला आणि १९३१ साली तो नेसूनच ते लंडनच्या राजवाड्यात गेले. त्याच गोलमेज परिषदेस आंबेडकर सुटाबुटात बसले होते. यांपैकी एकास खरे आणि दुसऱ्यास खोटे ठरविण्याचा उद्योग आम्हांस व्यर्थ वाटतो. जोतीराव बांधकामाचे ठेकेदार होते, गांधीजी बॅरिस्टर. ज्याला कोट मिळू शकत होता, त्याने तो टाकला. ज्याच्या समाजाला तो मनाई होता, त्याने तो चढविला. दोघांनीही आपला कपडा आपण निवडला. बळ येते ते तेथून.

अलीकडे परदेशांत यावर प्रयोगही झाले आहेत. डॉक्टरचा म्हणून पांढरा कोट घातला की मनुष्याचे लक्ष अधिक एकाग्र होते, असे २०१२ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी मांडले. त्यांतला एक प्रयोग इतरांनी पुन्हा केला तेव्हा तसा निकाल आला नाही. असो.

आमचाच एक अनुभव सांगतो. एका कारखान्यात कायम कामगारांना निळा गणवेश होता आणि कंत्राटींना पिवळा. कंत्राटी कामगारांच्या मागण्यांचा मसुदा करताना आम्ही पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा वगैरे वर घेतले आणि गणवेशाची मागणी नवव्या क्रमांकावर टाकली. सफाईकाम करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, ती वर घ्या."

आम्ही म्हणालो, "मावशी, आधी पोटाचं बघू."

"पगार किती ते कुणाला दिसत नाही. कँटीनात हा पिवळा बघून बाकावरची माणसं सरकून बसतात. सुटी झाली की नळाजवळ बदलून पिशवीत कोंबते, मगच गेटाबाहेर पडते मी."

मागणी वर घेतली. पगाराचा वाद न्यायालयात गेला आणि तेथेच बराच काळ पडून राहिला. गणवेश तेवढा मिळाला. निळे कपडे वाटले त्या दिवशी पाळी सुटल्यावर आम्ही दारावर उभे होतो. मावशी नळाकडे वळल्या नाहीत. त्या तशाच, निळ्या कपड्यांत, बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.