सक्ती उठली आणि बूट माळ्यावर गेले

नातू कॉलेजात आहे. दिवाळीनंतर त्याने जिमची वर्षाची फी भरली आणि तीन आठवड्यांत जाणं बंद. घरात सगळे त्याला आळशी म्हणू लागले. मला मात्र 1968 साल आठवलं.

1962 च्या चीन युद्धानंतर, 1963 पासून, कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली होती. बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात मी कॉमर्सला आलो तेव्हा परेड चुकवायची सोयच नव्हती. जायचो, पण लक्ष सगळं परेडनंतरच्या नाश्त्याकडे. 1968 मध्ये सक्ती उठली आणि आमच्या कंपूतल्या बहुतेकांचे बूट माळ्यावर गेले. माझेही.

गंमत म्हणजे हीच मुलं पहाटे तालमीत न चुकता यायची. तिथे ना हजेरी, ना सर्टिफिकेट.

बडोद्यात ही हवा जुनीच. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद, माणिकराव त्यांचे शिष्य. गुरूच्या नावाचं व्यायाम मंदिर त्यांनी नावारूपाला आणलं. मराठीतला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोशही मुजुमदारांनी इथूनच काढला. पण आम्ही काही कोश वाचून जात नव्हतो. एक दिवस दांडी मारली की संध्याकाळी जोडीदार दारात हजर, "काय रे, ताप आला का?" काल चाळीस जोर, आज पंचेचाळीस, हे मोजणारं कोणीतरी असायचं. मल्लखांबावरून घसरलो की हसायचे, आणि हसणाराच पुन्हा वर चढवायचा. शरीर कमावायची हौस थोडी, कोणीतरी आपली वाट बघतंय ही ओढ जास्त.

पुढे बँकेत लागलो, बदली झाली. नव्या गावात मैदान होतं, वेळ होता, विचारणारं कोणी नव्हतं. पंचवीस वर्षं एक जोर मारला नाही. शेवटी डायबेटिस निघाला.

आणि धाकटी बहीण? मी अंगणात जोर काढायचो तेव्हा ती मोजायची. "तू येतेस का?" असं तिला कोणी कधी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. हे आता टोचतं.

म्हणून नातवाला लेक्चर दिलं नाही. एवढंच विचारलं, "जिममध्ये तुझ्याबरोबर कोण असतं रे?"

"कोणी नाही, आजोबा. सगळ्यांच्या कानात हेडफोन."

आता सकाळी सहाला आम्ही दोघं कमाटीबागेत भेटतो. तो पळतो, मी चालतो. काल मला उशीर झाला, तर पठ्ठ्या गेटवर उभा. "आजोबा, बरं आहे ना?"

पन्नास वर्षांनी कोणीतरी तेच विचारलं.

तुमच्या गावच्या तालमीची आठवण असेल तर जरूर लिहा.