बनेश्वराची फिरंगी घंटा

भोर तालुक्यातल्या नसरापूरजवळ बनेश्वराच्या देवळात जी मोठी घंटा आहे, तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधले. म्हणजे घंटा देवळाहून सहासष्ट वर्षांनी थोरली, आणि ओतली गेली ती चर्चसाठी. वेल्ह्याची, राजगडाची वाट जिथे फुटते त्या गावात कोकणातल्या दगडी चर्चची ही खूण कशी आली? नानासाहेबांचे काका चिमाजीअप्पा यांनी ती वसईच्या लढाईत पोर्तुगिजांकडून जिंकून आणली, असे सांगतात. ढोबळपणे ते मान्य करायला हरकत नाही, पण ‘वसई’ इथे सैल अर्थाने घ्यायला हवी. मोहीम १७३७ मध्ये ठाणे-साष्टीपासून सुरू झाली, वसईचा कोट पडला मे १७३९ मध्ये. मधल्या काळात माहीम, केळवे, तारापूर अशी एकेक फिरंगी ठाणी हाती आली आणि चर्च या सगळ्या मुलखात होती. कोटातल्या सेंट जोसेफचा उंच मनोरा पाहून घंटा तिथलीच ठरवण्याचा मोह होतो. साल मात्र तेवढे सांगत नाही.

माझा मुद्दा पुढचा आहे. ही घंटा केवळ विजयचिन्ह नव्हे. चिमाजीअप्पा १७४० च्या डिसेंबरात वारले, देऊळ त्यानंतर नऊ वर्षांनी झाले. तिथे आधी लहानसे देवस्थान असेल आणि घंटा त्यालाच वाहिली असेल, असे कोणी म्हणेल. शक्य आहे, तरी नव्या देवळात ती ठेवायची हे पुढच्या पिढीने ठरवले, लढाईचा जोश ओसरल्यावर. तांबे-कथलाचा हा धातू वितळवून तोफेच्या कामी आणता आली असती, आणि तोफांची गरज पेशव्यांना कधी नव्हती? तरीही घंटा घंटाच राहिली, क्रूससुद्धा कोणी छिन्नीने उडवला नाही. शत्रूची घंटा टांगण्यातच दिमाख आहे, हा आक्षेप नाशिकला लागू पडतो: नारोशंकराच्या देवळाची घंटा गोदावरीच्या काठावर, सगळ्यांना दिसेल अशी आहे. पण दिमाखच मिरवायचा तर पुण्याच्या वाड्याचा दरवाजा सोडून नसरापूरच्या झाडीत कोण जाईल? वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि तीही शंकरापुढेच वाजत आली. पराभूताची वस्तू म्हणून नव्हे, देवाच्या कामाची चांगली घंटा म्हणून या लोकांनी ती पारखली असावी.