सही कोणाची, हक्क कोणाचा?

आजचा प्रश्न साधा वाटतो, पण कोर्टांना त्याने वर्षानुवर्षं घाम फोडलाय. समजा सरकारी काउंटरवर बसलेल्या माणसाचा धर्म म्हणतो, 'लग्न फक्त स्त्री-पुरुषाचं.' आणि समोर दोन पुरुष किंवा दोन बायका कागद घेऊन उभ्या आहेत. मग सही करायची की नाही?

पहिली गोष्ट लंडनची. इस्लिंग्टन भागात लिलियन लडेल या विवाह निबंधक होत्या, श्रद्धाळू ख्रिश्चन. २००२ मध्ये त्या या पदावर आल्या, तेव्हा समलिंगी जोडप्यांची नोंदणी हा विषयच नव्हता. डिसेंबर २००५ मध्ये ब्रिटनमध्ये 'सिव्हिल पार्टनरशिप' कायदा लागू झाला आणि इस्लिंग्टनने सगळ्याच निबंधकांवर ते काम सोपवलं. म्हणजे नोकरी तीच, पण काम मधेच बदललं. लडेलबाईंची बाजू समजून घ्यायची, तर हा मुद्दा विसरून चालणार नाही.

सुरुवातीला त्या सहकाऱ्यांशी ड्युटी बदलून घ्यायच्या. कुठल्याच जोडप्याचं काम अडलं नाही. मग बिघडलं कुठे? ऑफिसातच. २००६ मध्ये दोन समलिंगी सहकाऱ्यांनी तक्रार केली. आपल्या शेजारी बसणारी व्यक्ती आपल्यासारख्यांची नोंदणी नाकारते आणि ऑफिस ते चालवून घेतं, हे त्यांना भेदभावाचं वाटलं. समारंभ नको, निदान साध्या सह्या आणि कागदपत्रं करा, अशी तडजोड पुढे आली. त्यांनी तीही नाकारली.

२००८ मध्ये पहिला निकाल लडेल यांच्या बाजूने लागला, पण त्याच वर्षी अपिलात तो फिरला. २००९ मध्ये अपील न्यायालयानेही त्यांच्या विरोधात निकाल दिला. शेवटी जानेवारी २०१३ मध्ये युरोपियन मानवाधिकार न्यायालयात ५ विरुद्ध २ मतांनी त्या हरल्या. पण नीट ऐका: अशी सूट कुणालाच देऊ नका, असं या कोर्टाने म्हटलेलं नाही. श्रद्धा आणि समानता यांचा तोल कसा राखायचा, याला स्थानिक यंत्रणेला मोकळीक आहे आणि इस्लिंग्टनने ती मर्यादा ओलांडली नाही, इतकंच म्हटलं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. २६ जून २०१५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला. केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीच्या निवडून आलेल्या क्लार्क किम डेव्हिस यांनी मग लग्नाचे परवाने देणं सरसकट थांबवलं, अगदी स्त्री-पुरुष जोडप्यांचेसुद्धा! कोर्टाचा आदेशही मानला नाही, म्हणून सप्टेंबरमध्ये ५ दिवस तुरुंगात गेल्या. आणि गंमत बघा, त्या आत असताना त्यांच्याच ऑफिसातल्या डेप्युटींनी परवाने द्यायला सुरुवात केली.

इथे फरक लक्षात घ्या. लडेल स्वतः बाजूला होत होत्या. डेव्हिस अख्खं काउंटरच बंद करून बसल्या होत्या. स्वतःचा हात आखडणं वेगळं आणि दुसऱ्याचा हात धरून ठेवणं वेगळं.

२०१६ मध्ये केंटकीने उपाय काढला: फॉर्मवरून क्लार्कचं नावच काढून टाकलं. जोडप्याला परवाना मिळाला, क्लार्कचं नाव त्यावर नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर माणूस बदलत नसेल तर सिस्टिमचं डिझाइन बदला.

पण हा उपाय सगळीकडे चालत नाही. छोट्या गावात एकच अधिकारी असेल आणि तोच नाही म्हणाला, तर जोडप्याने जायचं कुठे? आणि आज धर्मामुळे समलिंगी जोडपं नाकारलं, तर उद्या आंतरधर्मीय जोडपं नाकारणाऱ्याला कुठल्या तोंडाने अडवणार?

भारतात १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे आपल्या विवाह अधिकाऱ्यासमोर हा पेच अजून आलेला नाही. पण १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आंतरधर्मीय जोडपी रोज त्याच टेबलासमोर उभी राहतात.

माझं मत सांगतो. श्रद्धेला जागा द्यावी, पण तिची किंमत काउंटरबाहेरच्या माणसाने मोजू नये. तुम्हाला काय वाटतं? पटलं नसेल तर जरूर भांडा. भेटू पुढच्या भागात!